वडिलांचे वजन : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील पितृस्मरण

मराठी ख्रिस्ती लेखनावर एक जुना आक्षेप आहे. छापील टीकेत तो क्वचित सापडतो, बोलण्यात मात्र हमखास येतो. ज्याने बापाचा धर्म सोडला, त्याने बापाविषयीची कृतज्ञता कोणत्या तोंडाने सांगावी? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या धर्मांतरितांना त्यांच्या भाऊबंदांनी विचारला आणि आजही तो थोड्या सौम्य शब्दांत विचारला जातो. दुसरीकडे, चर्चच्या आतल्या परंपरेत हा प्रश्न जवळजवळ विसरला गेला आहे. जून महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पितृदिनाची उपासना होते, वडिलांच्या कष्टांवर चार गोड वाक्ये बोलली जातात, मुले फुले देतात आणि सारे घरी जातात. ज्या पिढीला वडील आणि ख्रिस्त यांतून एकाची निवड करावी लागली, तिचे काय झाले, हे त्या उपासनेत कोणी विचारत नाही.

आक्षेप घेणारे आणि गोड बोलणारे यांचे एक गृहीत सारखेच आहे. वडिलांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या वाटेने चालणे किंवा त्यांचे गुणगान करणे, असे दोघेही धरून चालतात. मराठीतली महत्त्वाची ख्रिस्ती आत्मकथने या गृहीताला छेद देतात, असे मला त्यांच्या वाचनातून दिसते. पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी आणि टिळक घराण्यातली माणसे यांनी वडिलांविषयी जे लिहिले, त्यात आज्ञापालन थोडे आहे आणि स्तुतीही बेताची आहे. तिथे आहे ती वडिलांना त्यांच्या पूर्ण वजनासह उभे करण्याची धडपड. कृतज्ञतेचा हा प्रकार आपल्याकडे नीट ओळखला गेलेला नाही, म्हणून हा लेख.

आज्ञा काय सांगते?

अलिबागच्या इस्राएल आळीत बेने इस्राएल समाजाचे जुने प्रार्थनामंदिर आहे. त्याचे नाव ‘मागेन आबोत’. हिब्रूत ‘मागेन’ म्हणजे ढाल आणि ‘आबोत’ म्हणजे वाडवडील. पूर्वजांची ढाल, असा नावाचा अर्थ. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून इथून जवळच्या नौगावच्या किनाऱ्याला लागले. आईवडिलांचा मान राखण्याची सीनाय पर्वतावरची आज्ञा या किनाऱ्यावर मिशनरी येण्याच्या पुष्कळ आधी अशी घर करून होती. प्रोटेस्टंट मोजणीत ती दहांतली पाचवी, कॅथलिक मोजणीत चौथी. ख्रिस्ती माणसाने ती यहुदी शास्त्राकडून घेतली, म्हणून तिचा अर्थ लावताना मूळ हिब्रू शब्दाकडे जाणे भाग आहे.

या आज्ञेतले क्रियापद ज्या धातूपासून आले, त्याचा मूळ अर्थ ‘जड असणे’ असा आहे. मान देणे म्हणजे जड मानणे, वजन देणे. त्याच ग्रंथात पुढे आईबापांना शाप देणाऱ्याला कठोर शिक्षा सांगितली आहे. तिथल्या क्रियापदाच्या मुळाशी ‘हलके असणे’ हा अर्थ आहे. म्हणजे हिब्रू भाषेच्या मनात मान आणि अपमान ही तराजूची दोन पारडी आहेत. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. घरात कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे आपण रोज बोलतो. चारचौघांत कोणी हलके बोलला की ते मनाला लागते.

या आज्ञेत वडिलांवर प्रेम करा असे म्हटलेले नाही. त्यांचे सारे ऐका असेही नाही, आणि आभार माना असेही नाही. त्यांना वजन द्या, एवढेच सांगितले आहे. वजन देणाऱ्याने काट्याशी खोटेपणा करायचा नसतो. फुगवून सांगितलेले वडील आणि उणे करून सांगितलेले वडील, दोन्ही मापात खोट असते.

नव्या करारात हा ताण आणखी वाढतो. येशूने एका ठिकाणी, देवाला वाहिले असे म्हणून आईबापांना द्यायचे ते न देणाऱ्या धार्मिक लोकांना फटकारले आहे. देवाच्या नावाने आईबापांना टाळू नका, हा त्याचा रोख. तोच येशू दुसऱ्या ठिकाणी, वडिलांना पुरून येतो म्हणणाऱ्या शिष्याला थांबू देत नाही. पौलाने इफिस इथल्या मंडळीला लिहिताना ही आज्ञा मुलांना आठवून दिली आणि लगेच वडिलांना बजावले की मुलांना चिडीस आणू नका. म्हणजे वडिलांकडे पाठ फिरवण्याला धर्माचे निमित्त चालत नाही, आणि वडील हे शेवटचे बंधनही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी धर्मांतरिताला या दोन्ही वचनांच्या मध्ये उभे राहून जगायचे होते.

शब्दांचीही एक गंमत आहे. मराठी ख्रिस्ती उपासनेत देवाला पूर्वापार ‘बाप’ म्हटले गेले, त्याला एकवचनात हाक मारली गेली. घरातल्या जन्मदात्याला मात्र आपण ‘वडील’ म्हणतो आणि आदराने अनेकवचन लावतो. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी स्वर्गातला बाप जवळचा आणि घरातले वडील दूरचे, अशी उलटी रचना होऊन बसली. पुढे ज्या पुस्तकांचा विचार करायचा आहे, त्यांच्या मुळाशी ही रचना आहे.

श्राद्ध थांबल्यावर

हिंदू घरात पितृऋणाची व्यवस्था ठरलेली आहे. मुलाने अग्नी द्यायचा, वर्षश्राद्ध करायचे, भाद्रपदाच्या पितृपंधरवड्यात पान वाढायचे. कृतज्ञता मनात असो वा नसो, तिला तिथी आहे आणि विधी आहे. धर्मांतर केलेल्या मुलाच्या हातून हे सगळे सुटले. कॅथलिकांना निदान २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस होता. त्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लागते, मृतांसाठी प्रार्थना होते. प्रोटेस्टंट मिशनच्या शिकवणीत मृतांसाठी प्रार्थनेलाही जागा नव्हती. वडील हिंदूच राहून वारले असतील, तर त्यांची कबरही नव्हती. स्मरणाला ना तिथी उरली, ना जागा.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई लागते. तिथला कॅथलिक समाज पोर्तुगीज मिश्रित बोली बोलतो आणि तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतो. चौलचा मुलूख १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले. बोली आणि प्रार्थना मात्र घराघरांतून मुलांकडे येत राहिल्या. वाडवडिलांचे जे होते ते तोंडात जपून ठेवणे, हा त्यांचा मान राखण्याचा एक मार्ग झाला. तो मार्ग वारशाने ख्रिस्ती असलेल्यांना मोकळा होता. ज्यांनी वारसाच बदलला, त्या पुण्या-नगर-बेळगावकडच्या प्रोटेस्टंट धर्मांतरितांना तो नव्हता. त्यांच्याकडे छापखाना होता. श्राद्ध थांबले तिथे त्यांच्यापैकी काहींनी आत्मचरित्र लिहिले, आणि वडिलांचे स्मरण त्या पानांत येऊन राहिले.

आणि नाव होते. मराठी नावात वडील मधोमध बसतात. धर्म बदलला तरी नारायण वामन टिळकांच्या नावातले वामनराव कुठे गेले नाहीत. बाबा पदमनजींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांचे घराण्याचे आडनाव मुळे. वडील पदमनजी माणिकजी. मराठी वाङ्मयात मात्र ते वडिलांच्याच नावाने ओळखले जातात. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेल्या या मुलाने १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन वडिलांचा धर्म सोडला आणि वडिलांचे नाव आयुष्यभर आपल्या प्रत्येक पुस्तकावर छापले. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या मराठीतल्या आरंभीच्या कादंबरीवर जे नाव आहे, त्यातला अर्धा भाग एका हिंदू पित्याचा आहे.

बाबांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये आले. त्याच्या शीर्षकातच एक अडचण आहे. अरुणोदय म्हटला की आधी रात्र मानावी लागते आणि ज्या घरात लेखक वाढला ते घर त्या रात्रीत पडते. मिशनच्या वाचकांना ही मांडणी हवी होती आणि बाबांचा त्यावर विश्वासही होता. परंतु पुस्तक वाचताना जाणवते ते असे, की बालपणीच्या घराचे, सणवारांचे, देवधर्माचे तपशील ते फार जवळून देतात. नुसता अंधार दाखवायचा तर इतक्या तपशिलाची गरज नव्हती. आपण ज्याला चूक मानतो ते वडीलधाऱ्यांनी किती निष्ठेने केले, हे सांगायला ते चुकत नाहीत. रूपक हलके करू पाहते, तपशील वजन परत देतात. या पुस्तकाचा कस मला या ओढाताणीत वाटतो.

अनंतशास्त्र्यांची मुलगी

हीच ओढाताण पंडिता रमाबाईंच्या लेखनात अधिक धारदार होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदान्ती, वैष्णव, कर्मठ. तरीही त्यांनी आपल्या तरुण पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. स्त्रीला देववाणी शिकवल्याबद्दल त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्राधार दाखवून आपली बाजू मांडली. पुढे गंगामूळच्या अरण्यात त्यांनी घर केले. रमाबाईंचा जन्म तिथलाच, २३ एप्रिल १८५८ चा. रमाबाई वाढू लागल्या तोवर वडील थकले होते, म्हणून त्यांना आईने शिकवले. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) हे पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले, ते योग्यच होते. पण आईला शिकवणारे वडील होते. अर्पणपत्रिकेत आई आहे आणि तिच्या मागे, न लिहिलेले, वडील उभे आहेत.

वडिलांविषयी रमाबाई सविस्तर लिहितात त्या दुष्काळाच्या आठवणींत आणि १९०७ च्या आपल्या साक्षीत. कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत दक्षिणेत फिरत होते. जवळचे द्रव्य देवधर्मात, दानात, अनुष्ठानांत संपले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि घरात खायला दाणा राहिला नाही. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. मुलाने, श्रीनिवासशास्त्र्यांनी, आपण मोलमजुरी करू पण हे होऊ देणार नाही, असे सांगितल्यावर तो बेत टळला. पण १८७४ मध्ये त्या म्हाताऱ्या जिवाने उपासमारीतच प्राण सोडला. मागोमाग आई आणि बहीणही गेली.

हे लिहिणाऱ्या रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतलेल्या, केडगावला मुक्तिसदन चालवणाऱ्या, ठाम ख्रिस्ती होत्या. वडिलांच्या श्रद्धेतले काय फसले हे सांगताना त्या हात आखडता घेत नाहीत. देवांना आणि ब्राह्मणांना सर्वस्व दिले, व्रते केली, आणि हातात काही आले नाही, असा त्यांचा हिशेब स्पष्ट आहे. आक्षेप घेणाऱ्याला इथे वडिलांची निंदा दिसेल. पण याच कथनात निरोपाचा प्रसंग येतो. वडील धाकट्या मुलीला कवटाळून सांगतात की तुझ्यावर माझे किती प्रेम आहे हे विसरू नकोस, सन्मार्ग सोडू नकोस, जगलीस तर अब्रूने जग आणि जन्मभर देवाची सेवा कर. देवाचे नाव काय, हे ते सांगत नाहीत. मुलगी पुढे त्या देवाला दुसऱ्या नावाने ओळखते आणि वडिलांची आज्ञा पाळली असेच मानते.

माझ्या मते मराठी ख्रिस्ती कृतज्ञतेचे हे सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक रूप आहे. वडिलांच्या शब्दाला त्या इतके वजन देतात की त्यावर आयुष्य उभे करतात. त्याच वेळी त्या शब्दामागची श्रद्धा जशीच्या तशी घेत नाहीत. त्यांनी वडिलांना मरणोत्तर ख्रिस्ती करून टाकले नाही. ती पळवाट सोपी होती, मिशनच्या वाचकांना ती गोडही लागली असती. अनंतशास्त्री अखेरपर्यंत अनंतशास्त्रीच राहतात, सुधारक आणि कर्मठ, प्रेमळ आणि हट्टी. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. स्त्रीने शास्त्र मूळ भाषेत वाचावे, हा धडा त्या घरातला होता. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर ते काम हातावेगळे झाले होते. अनंतशास्त्र्यांचे श्राद्ध कोणी कोठे केले असेल नसेल. माझ्या लेखी ते भाषांतर हेच त्यांचे तर्पण.

टिळकांच्या घरातले तीन वडील

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. नवऱ्याच्या आठवणी म्हणून हे पुस्तक वाचले जाते. वडिलांचे पुस्तक म्हणून ते वाचले, तर त्यात तीन वडील दिसतात.

पहिले लक्ष्मीबाईंचे वडील, नाना गोखले. १८५७ च्या प्रकरणात आजोळच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांनी सोवळ्याची जी धास्ती घेतली ती जन्मभर. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे आणि साऱ्या घराला त्याचा जाच होई. लक्ष्मीबाई हे सांगतात ते हसत. हे हसू कडू नाही आणि लाडिकही नाही. सोवळे पूर्ण टाकून, सगळ्या जातींच्या माणसांबरोबर जेवायला बसून झाल्यावर त्यांनी हे लिहिले आहे. सोवळ्याने छळणारा बाप त्यांना सहज खलनायक करता आला असता. त्याऐवजी त्यांनी आधी फाशीचा धक्का सांगितला, मग सोवळे सांगितले. कारण आधी आणि वेड नंतर, या क्रमामुळे वाचकाला नानांची कीव येते, राग येत नाही. निवेदनाचा हा साधा क्रम मला वडिलांचा मान राखण्याची कृती वाटतो.

दुसरे वडील वामनराव टिळक, नारायणरावांचे. हे संतापी, घराला दरारा असणारे. नारायण अकराएक वर्षांचा असताना आई गेली आणि मुलाने घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो शिकला. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांनी जी भक्तिपर कविता लिहिली, तीत ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटले आहे. ज्या धर्मात देवाला बाप म्हणतात, त्या धर्मात येऊन या कवीने ख्रिस्ताला आई केले. याचे एक कारण वारकरी परंपरेत आहे, हे सर्वज्ञात आहे. ज्ञानोबा माउली म्हणणाऱ्या भाषेत देवाचे वात्सल्य आईच्याच शब्दांत येते. तेवढ्यावर थांबून चालणार नाही. वडील म्हटले की दरारा, असा अनुभव असलेल्या मुलाला बायबलमधल्या पित्याकडे सरळ जाता येणे अवघड असते. तो आईच्या दाराने आत गेला. उधळ्या मुलाच्या दृष्टान्तात दुरून येणारा मुलगा दिसताच म्हातारा बाप धावत सुटतो. आपल्याकडचे वडील सहसा धावत नाहीत, ओसरीवर बसून राहतात. त्या धावणाऱ्या बापासाठी मराठीला शब्द शोधावा लागला आणि टिळकांना तो ‘माउली’ मिळाला. पुढे त्यांनीच ‘बापाचे अश्रू’ या नावाची कविता लिहिली, हे इथे आठवते. बापाला अश्रू असतात असे शीर्षकात म्हणणे, त्या पिढीसाठी लहान गोष्ट नव्हती.

तिसरे वडील स्वतः टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दत्तू, म्हणजे देवदत्त, लहानगा होता. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूर, नाशिक असे नातलगांकडे राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या धर्मात बापाचा मान राखायला सांगतात, त्या धर्मापायी या मुलाला लहानपणी बापच मिळाला नाही. घर पुन्हा एक झाले त्यावरही टिळक काही सोपे गृहस्थ नव्हते. हातात पैसा टिकत नसे, जो येईल त्याला देऊन टाकायचे, राग नाकावर; घराचा भार लक्ष्मीबाईंवर. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. ९ मे १९१९ रोजी ते गेले. आपले दफन न करता दहन करावे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. वडिलांची वाट सोडलेल्या मुलाने शेवटी वाडवडिलांचा अग्नी मागितला.

या वडिलांचे चरित्र व्हावे म्हणून देवदत्तांनी आईकडे आठवणी मागितल्या, हा ‘स्मृतिचित्रे’चा उगम. वडिलांचे स्मारक करू पाहणाऱ्या मुलाच्या हाती आईने जे दिले, त्यात वडिलांचे काव्य आणि त्याग होते, तसाच विक्षिप्तपणा आणि बेजबाबदारपणाही होता. देवदत्तांची परीक्षा इथे झाली. मुलाला यातले बरेच गाळता आले असते, गुळगुळीत करता आले असते. त्यांनी ते छापले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पूर्ण केला. ‘ख्रिस्तायना’ची हकिगतही तशीच. महाकाव्य टिळकांनी सुरू केले आणि ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले, शेवट देवदत्तांनी केला. पुढे ‘स्मृतिचित्रे’ची सटीप आवृत्ती सिद्ध केली ती नातवाने, अशोक देवदत्त टिळकांनी. बापाने अपुरे ठेवलेले काम घराने पुरे करत जाणे, पिढ्यान्‌पिढ्या, हा या कुटुंबाचा पितृयज्ञ म्हणावा.

या घराने आणखी एक गोष्ट केली. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, वडिलांच्या मायेला पारखे झालेले, टिळकांच्या घरी येऊन राहिले. ते हिंदूच राहिले आणि टिळक दांपत्याने त्यांना पोटच्या मुलासारखे वागवले. १९१८ मध्ये भादलीला रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांविषयी ज्या मायेने लिहिले आहे ती पाने वाचताना लक्षात येते की पितृत्व या घरात रक्तावर आणि धर्मावर अवलंबून राहिले नव्हते. ज्या टिळकांवर धर्मापायी स्वतःच्या मुलाला दुरावण्याची वेळ आली होती, त्यांनी परक्या मुलाला त्याचा धर्म न विचारता घरात घेतले. योसेफाने जे केले त्याची ख्रिस्ती धर्मात पुष्कळ स्तुती होते. ते करून दाखवणारे थोडे असतात.

ज्यांची पाने नाहीत

इथवरच्या मांडणीवर एक रास्त हरकत आहे. रमाबाई, टिळक हे ब्राह्मण; बाबा पदमनजीही शिकल्यासवरल्या घरातले. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग नगर जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या महार आणि मांग कुटुंबांचा. तिथे पुष्कळदा कुटुंबेच्या कुटुंबे एकत्र ख्रिस्ती झाली, त्यामुळे बाप सोडण्याचा प्रश्न तसा उभा राहिला नाही. तिथे ऋण वेगळे आहे. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्या बापाने मुलाला मिशनच्या शाळेत घातले, हे ते ऋण. समाजाने ज्याला जन्मभर हलके लेखले, त्याला वजन देणे ही आज्ञेची खरी कसोटी. ब्राह्मण धर्मांतरिताला वडिलांचे वजन आधीपासून मिळालेले होते. ते टिकवायचे की नाही एवढाच त्याचा प्रश्न. या दुसऱ्या मुलाला ते वजन पहिल्यांदा उभे करायचे होते.

अशा वडिलांची आत्मचरित्रे फारशी नाहीत. त्यांच्या आठवणी घरात, उपासनेनंतरच्या गप्पांत, म्हाताऱ्या आत्याच्या तोंडी आहेत. त्या लिहून घेणारी पिढी आता उतरत आहे. पितृदिनाला मंडळीने काही करायचेच असेल, तर प्रत्येक घराने आपल्या पहिल्या ख्रिस्ती आजोबांविषयी, आणि त्यांच्या ख्रिस्ती नसलेल्या वडिलांविषयीही, दोन पाने लिहून काढावीत. त्यांचे गाव, त्यांचे काम, त्यांना काय सोसावे लागले, ते कुणावर रागावत, त्यांनी काय चुकीचे केले, आणि त्यांच्यामुळे आपल्याला काय मिळाले. शेवटचा मुद्दा आधीच्या मुद्द्यांशिवाय लिहू नये.

हे सुचवण्यामागे एक भीती आहे. अलीकडे मराठी ख्रिस्ती घराण्यांची जी छोटी चरित्रे, स्मरणिका, शताब्दी अंक निघतात, त्यांत वडील एकाच साच्याचे होऊ लागले आहेत. सगळे प्रार्थनाशील, सगळे कष्टाळू, सगळे हसतमुख. त्यांतला एकही नाना गोखल्यांसारखा धास्तावत नाही, टिळकांसारखा पैसे उधळत नाही, अनंतशास्त्र्यांसारखा आपल्या श्रद्धेपायी कुटुंबाला उपासमारीपर्यंत नेत नाही. हे वाचून मुलांना अभिमान वाटत असेल, पण ओळख पटत नाही. आणि ज्या मुलाचे वडील खरोखर कठोर होते, दारुडे होते किंवा घर सोडून गेले होते, त्याला या पानांत स्वतःसाठी जागा सापडत नाही. आज्ञा त्याच्यासाठीही आहे. त्याच्याकडून कोणी प्रेमाची किंवा स्तुतीची सक्ती करू नये. आपल्या वडिलांविषयी खरे सांगण्याचा, त्यांना हलके न करता सांगण्याचा मार्ग मात्र त्याला मोकळा असावा. लक्ष्मीबाईंनी तो मार्ग दाखवून जवळजवळ नव्वद वर्षे होत आली.

धर्मांतरित मुलाने बापाचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे, या प्रश्नाला या पुस्तकांनी आपापल्या परीने उत्तर दिले आहे. बाबा पदमनजींनी ते नाव प्रत्येक मुखपृष्ठावर ठेवले. रमाबाईंनी वडिलांचा शेवटचा शब्द पाळला आणि त्यांच्या श्रद्धेशी असलेला मतभेदही लपवला नाही. देवदत्तांनी आईच्या हातची, वडिलांविषयीची खरी पाने जशीच्या तशी छापायला दिली.